गच्चीवरचा कोपरा

१

“आधी तो पाना खाली ठेव, मग काय अकलेचे तारे तोडायचे ते तोड!”

आई जिन्याच्या तळाशी, पहिल्या पायरीवर उभी होती. त्याहून वर जायला तिचे गुडघे तयार नव्हते. पण तिच्या आवाजाला गुडघे नव्हते, तो थेट गच्चीवर पोचत होता.

“मी हा आज काढणार म्हणजे काढणार,” वरून ठमी ओरडली.

“काढून तर बघ. घर कुणाचं आहे?”

“आई, तुला कळत नाहीये.”

“मला कळत नाही? तुला पाढे कुणी शिकवले?”

“पाढ्यांचा इथे काय संबंध!”

“तू उलट बोलायला लागलीस की मी पाढ्यांवर येणारच. खाली ये.”

ठमीने पाना आणखी घट्ट धरला. ठमी हे तिचं घरातलं नाव. संस्थेत तिला सगळे मॅडम म्हणायचे, तिच्या सहीशिवाय एकही प्रतिमा बाहेर जात नसे. केसांना रुपेरी कडा आलेली ही बाई या क्षणी गच्चीवर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी पाना धरून, एका गंजलेल्या बोल्टशी झटत होती. बोल्ट हलत नव्हता.

बोल्टच्या वर, खांबावर, तो कोपरा होता. ती मान वर करून त्याच्याकडे बघत नव्हती. मुद्दामच बघत नव्हती.

२

खोलीच्या दोन भिंती आणि जमीन जिथे एकत्र येतात तो कोपरा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या भिंती कापून, पॉलिश करून, धातूच्या केल्या की झाला ठमीच्या बाबांचा कोपरा. तीन पत्रे, एकमेकांशी काटकोनात. त्याचा गुण एकच. जिथून काही येईल, तिकडेच तो ते परत पाठवतो. प्रकाश असो, नाहीतर रडारच्या लहरी.

ठमीचं सगळं काम या गुणावर चालायचं. तिच्या संस्थेने एक रडार बनवलं होतं. ते छोट्या विमानाच्या पोटाला बांधायचं, आणि विमान शहराच्या एका बाजूने उडत खालच्या जमिनीवर सूक्ष्मलहरी सोडायचं. परत आलेल्या लहरींमधून प्रतिमा तयार व्हायची, ढगांतूनही दिसणारी. पण नवं यंत्र, त्यामुळे प्रतिमा जागेवर बसत नसे. कुणाचं घर रस्त्यात यायचं, पूल नदीशेजारी पडायचा. म्हणून जमिनीवर ठिकठिकाणी असे कोपरे उभे करायचे. कोपरा नेमका कुठे आहे ते आधी मोजून ठेवायचं. प्रतिमेत तो लखलखीत ठिपका होऊन दिसतो. ठिपका जिथे असायला हवा आणि जिथे पडला, त्यातलं अंतर म्हणजे यंत्राची चूक. तेवढी प्रतिमा सरकवायची, पुन्हा उडायचं, पुन्हा बघायचं. कंटाळवाणं काम. ठमीचा त्यावर जीव होता.

अट एकच. कोपऱ्याचं तोंड विमानाकडे हवं. विमान सकाळी एका अंगाने जायचं आणि दुपारी दुसऱ्या. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी हाताने कोपरा फिरवायला हवा, बुडबुड्याची पाणसळ लावून नेमका कलता करायला हवा. संस्थेच्या मैदानावर ही कामं कंटाळलेली माणसं करायची आणि त्यांचे ठिपके सांडलेल्या दुधासारखे पसरलेले यायचे. घरच्या गच्चीवर बाबा करायचे. त्यांचा ठिपका मोहरीसारखा यायचा, गोल आणि टणक.

बाबा त्याच संस्थेत अँटेना बनवत निवृत्त झाले होते. निळा सदरा, खिशात तांबडी पेन्सिल, आणि हातात सतत गुण्या. घरातल्या फडताळापासून आईच्या पोळपाटापर्यंत सगळ्याचे काटकोन तपासून झालेले. “पोळपाट गोल आहे, त्याला कुठला काटकोन?” आई कडाडायची. “गोल आहे याची खात्री करून घेत होतो,” बाबा म्हणायचे. कोपरा फिरवून झाला की ते बोटाच्या पेराने तिन्ही पत्र्यांवर एकेकदा टकटक करत. पत्रा सैल असला तर आवाज बोदा येतो.

ठमी लहान असताना असाच एक कोपरा अंगणात पडलेला असे. ती त्यात तोंड घालून बसायची. आत, तिन्ही पत्रे जुळतात तिथे, आपलंच तोंड उलटं दिसतं. डावीकडे सरका, उजवीकडे सरका, ते आपल्याबरोबर सरकतं. शेजारची मैत्रीण अगदी गालाला गाल लावून उभी राहिली तरी त्या बिंदूत ठमीला ठमी दिसायची आणि मैत्रिणीला मैत्रीण.

“असं का हो बाबा?”

“कोपरा समोरच्याला त्याचंच परत देतो. दुसऱ्याचं देत नाही. प्रामाणिक आहे तो.”

३

बाबा गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. इस्पितळात शेवटच्या दिवसांत त्यांना एकच घोर लागला होता. “कोपरा फिरवायला हवा. दुपारचं विमान येईल.” आई म्हणाली, हो. ठमी म्हणाली, हो. ते ऐकून त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर कामाला वेग आला. घरच्या गच्चीवरचा ठिपका इतका चोख येत होता की साहेबांनी बाकीचे ठिपके बाजूला ठेवून त्या एकावर सगळं यंत्र जुळवायला सांगितलं. प्रतिमा हळूहळू जागेवर आली. घरं रस्त्यांतून उठून आपापल्या कुंपणात गेली. पूल नदीवर चढला. शेवटी शेवटी तर प्रतिमेत आईच्या स्वयंपाकघराबाहेरचा हौदसुद्धा जिथल्या तिथे दिसायला लागला. साहेब कधी कुणाला चांगलं म्हणत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, “तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. या वयात काय हात आहे!”

नेहमीच्या फेरीला ठमी घरी आली तेव्हा चहा घेता घेता तिने तो नमस्कार पोचवला.

“कसला हात?” आई म्हणाली.

“अगं, कोपरा फिरवतेस त्याबद्दल. सकाळी आणि दुपारी. अर्ध्या अंशाचीही चूक नसते.”

आईने कप खाली ठेवला. “मी? मी जिना चढून किती काळ लोटला, पोरी. वाळवणसुद्धा खाली घालते. ते तर तुझ्या ऑफिसातलं माणूस येऊन करतं ना?”

“ऑफिसातलं कुठलं माणूस?”

“मला काय ठाऊक! तूच पाठवतेस ना? दुपारी मी आडवी झालेली असते. वर कुर्र असा आवाज होतो आणि मग टकटक. हाक मारून झोप मोडत नाही बिचारा. चांगल्या घरचा असणार. मी त्याच्यासाठी पायरीवर पाण्याचा पेला झाकून ठेवते.”

ठमीच्या तोंडातला घोट तिथेच राहिला. “आणि तो पितो?”

“नाही. तेवढं मात्र नाही. बुजरा आहे.”

वर्षभर आई समजत होती की लेक बघते आहे. लेक समजत होती की आई बघते आहे. वर गच्चीवर काहीच आवाज नव्हता, आणि तो नसलेला आवाज दोघींना ऐकू येत होता.

आईने पदराने टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं.

“मग उद्यापासून पाणी नको,” ती म्हणाली. “चहा ठेवते. ह्यांना दुपारच्या वेळी पाणी कधी चाललंच नाही.”

४

ठमी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नव्हती. ठिपका नसत्या जागी दिसला की आधी यंत्रावर संशय घ्यायचा, मग हवेवर, मग स्वतःवर, हे ती नव्या मुलांना शिकवायची. तिने तेच केलं.

वारा असेल. पण वारा काय, पाणसळ लावून कलता करून जातो? शिवाय बोल्ट इतका घट्ट होता की तिला स्वतःला तो अंगाचा भार टाकून फिरवावा लागला. शेजारचं कुणी असेल. जिन्याच्या पहिल्या पायरीच्या वर जाळीचं फाटक होतं, त्याला तिने नवं कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळचा ठिपका मोहरीसारखा. दुपारचाही मोहरीसारखा.

मग तिने पांढरा दोरा घेतला, कोपऱ्याभोवती आणि कठड्याभोवती आडवा ताणून बांधला, निरगाठ मारली. कोपरा फिरला तर दोरा तुटलाच पाहिजे.

दोरा तुटला नाही. तो सुटला होता. निरगाठ सोडवून, आठाच्या आकड्यासारखा गुंडाळून कठड्यावरच्या खिळ्याला अडकवला होता, टोक आत खोचून. सुतळी असो, वायर असो, आईच्या साडीच्या फॉलचा दोरा असो, घरात एकच माणूस असं गुंडाळायचा.

ठमी तो खिळा बघत उभी राहिली. भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण भीतीच्या आधी, अगदी निमिषभर आधी, तिच्या मनात आलं, बाबा, अजून दोरा वाया जाऊ देत नाही तुम्ही.

तिने ते कुणाला सांगितलं नाही. साहेबांना तर नाहीच. त्यांना काय सांगणार? आपलं यंत्र इतकं अचूक झालं आहे, पण कुणाच्या हाताने झालं ते विचारू नका?

५

एका दुपारी ती रजा टाकून आली आणि स्वयंपाकघरात बसली. आई नेहमीसारखी आडवी झाली नाही, समोर बसून शेंगा सोलत राहिली. बाहेर पायरीवर बशी घातलेला चहाचा कप होता.

“कप रिकामा होतो?” ठमीने हळूच विचारलं.

“तू तुझी गणितं बघ.”

भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. नळ ठिबकत होता. आईच्या बोटांत शेंगा फुटत होत्या. ठमीला वाटलं, आपण किती मूर्खासारखे बसलो आहोत. लोखंड उन्हात तापतं, प्रसरण पावतं, करकरतं. इतकं साधं आहे. आज जाऊन तापमान मोजू.

शेंगा फुटायच्या थांबल्या.

वर, छताच्या पलीकडे, कुर्र झालं. सावकाश. मध्ये थांबलं, जसं कुणी पाणसळीतला बुडबुडा मधोमध यायची वाट बघतं. मग आणखी थोडंसं, केसभर, कुर्र. आणि मग टक. टक. टक.

तिन्ही आवाज खणखणीत होते. एकही पत्रा सैल नव्हता.

आईने मान डोलावली, घरच्या माणसाने दाराशी चपला काढल्यावर डोलवावी तशी, आणि पुढची शेंग उचलली. लांबून विमानाची घरघर येऊ लागली.

ठमी उठली. फाटकाचं कुलूप तसंच होतं, ते तिने उघडलं. पायऱ्या चढताना ती स्वतःशी बोलत होती. तापमान. वारा. प्रसरण. गच्ची रिकामी होती. पाण्याची टाकी, वाळत घालायची दोरी, कठडा, खांब. कोपरा विमानाकडे तोंड करून उभा होता. तिने आधी त्याच्या मागून फेरी मारली. मग पुढे आली आणि विमान व तो यांच्या मधोमध उभी राहिली. लहानपणी वाकायची तशी वाकली आणि आत पाहिलं.

त्या दिवशी तिने पिवळा पोशाख घातला होता. आत पिवळं काही नव्हतं.

तिन्ही पत्रे जुळतात तिथे, उलटं, निळं काहीतरी होतं. आकाश असेल, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. आणि वर पाहिलं. आभाळ राखेच्या रंगाचं होतं.

पुन्हा आत बघायला नको होतं. तिने पाहिलं. निळं, आणि त्या निळ्यावर एक बारीक तांबडी रेघ. ती डावीकडे सरकली. रेघ तिच्याबरोबर सरकली.

६

त्यानंतर थोड्याच दिवसांत चाचणी संपली. यंत्र मंजूर झालं. विमानाच्या पोटावरून ते उतरवलं, खोक्यात बंद केलं, आता ते पुढे उपग्रहावर जाणार होतं. पेढे नाहीत की हार नाहीत, साहेबांनी सगळ्यांचे हात हातात घेतले आणि सगळे घरी गेले. विमान यायचं बंद झालं.

ठमीचंही घरी जाणं बंद झालं. अहवाल लिहायचे आहेत, ती आईला फोनवर सांगायची. पुढच्या आठवड्यात नक्की. आईला ते खरं वाटावं म्हणून ती खरोखरच अहवाल लिहीत बसायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिची दोन खोल्यांची जागा होती. तिथे आरशावर तिने टॉवेल टाकला होता. का, ते स्वतःला विचारलं नव्हतं.

आईचे फोन यायचे. ती तक्रारीच्या सुरात कधीच बोलत नसे, बातमीसारखं सांगायची.

“आज सकाळपासून फिरतोय.”

“काय फिरतंय?”

“कोपरा गं. आधी ठरलेल्या वेळी फिरायचा. आता वेळकाळ नाही. कुर्र, थांबला. कुर्र, थांबला. टकटक नाही करत. काम संपल्याशिवाय टकटक कसली करतील?”

“आई, विमान येत नाही आता. फिरवायचं कारणच नाही.”

“ते मला सांगून काय होणार!”

दोन दिवसांनी पुन्हा. “बाजूची बाई विचारत होती, तुमचं ते वरचं भांडं हल्ली खाली का वाकलंय म्हणून. आकाशाकडे असायचं ते आता रस्त्यांकडे बघतं म्हणे. कधी बाजाराच्या रस्त्याकडे, कधी शाळेच्या.”

त्या रात्री ठमीने ठरवलं. आई तिथे एकटी आहे. आज रस्त्याकडे वाकलंय, उद्या जिन्याकडे वाकेल. परवा फाटकाच्या कुलपाला कोण विचारतो? कोपरा काढायचा, पत्रे सुटे करायचे आणि भंगारवाल्याला देऊन टाकायचे. आई चिडेल. चिडू दे. चिडलेली आई परवडली.

म्हणून आज ती पाना घेऊन निघाली. ऊन कलतं झालं होतं. वळणावर बसमधून उतरली तेव्हा सूर्य तिच्या पाठीशी होता. इथून घर लांब, नुसती गच्ची दिसते. तिने पिशवी खांद्यावर सारखी केली आणि मान वर केली, तोच डोळ्यांवर लख्ख प्रकाश आला. गच्चीवरून.

तिने डोळ्यांवर हात धरला आणि चालू लागली. दुकानाच्या पुढून गेली. प्रकाश तिच्यावरच. रस्ता वळला, ती वळली, प्रकाश क्षणभर चुकला. मग कुठेतरी चाचपडल्यासारखा भिंतीवर, झाडावर, कुणाच्यातरी खिडकीवर फिरला आणि पुन्हा तिला सापडला. तिच्या आगेमागे चालणारी माणसं सावलीत होती.

ती धावत सुटली.

७

“आई, तू ऐकून तरी घे!” ठमी आता रडत होती. पाना हातातच होता. “तो माझ्यावर रोखलेला होता. बसमधून उतरल्यापासून. मी चालले की चालत होता. हे नीट नाही, आई. आपल्याला वाटतं बाबा, बाबा. ते बाबा नसलं तर?”

“दोरा कुणी गुंडाळला?”

ठमीने पाना खाली केला. दोऱ्याचं तिने आईला सांगितलंच नव्हतं.

“मी काय आंधळी आहे? तुझ्या पिशवीत तो दोरा तसाच गुंडाळलेला बघितला मी. तेवढं पुरेसं आहे मला. तुला किती पुरावे लागतात?”

“आणि उद्या जिन्याने खाली आले तर?”

“तर चहा गरम करून देईन. सध्या गारच देते बशीखाली ठेवून.”

“तुला भीती वाटत नाही?”

“वाटते तर!” आई भडकली. “पहिल्या दिवशी मी रात्रभर दिवा लावून बसले होते. पण या माणसाबरोबर मी उभा जन्म काढला. लग्न झाल्यावरही पहिली रात्र दिवा लावूनच बसले होते, तेव्हाही भीतीच वाटली होती. म्हणून पाना घेऊन मागे लागले नव्हते मी त्यांच्या!”

ठमीला त्याही स्थितीत हसू फुटलं. हसता हसता तिने गच्चीकडे पाठ केली आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन खाली आईकडे पाहिलं. खालच्या पायरीवर पांढऱ्या केसांची एवढीशी बाई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने कंबर धरून उभी होती. तिच्या पायाशी बशी घातलेला कप होता.

“मला फक्त तू सुरक्षित हवी आहेस,” ठमी म्हणाली. “बाकी काही नको. मी हा काढते आणि तू माझ्याकडे चल. उद्याच.”

“मी नाही येणार.”

“मग मी तोडते.”

“तोड.”

“तोडते बघ!”

तिच्या पाठीमागे कुर्र झालं.

फार मोठा आवाज नव्हता. अगदी सावकाश, कुणी दचकू नये अशा बेताने. तिच्या मानेवर ऊब आली, मावळत्या उन्हाची, आणि तिची सावली जिन्याच्या पायऱ्यांवर लांब पसरत खाली आईच्या पावलांपर्यंत गेली. सावलीच्या खांद्याशेजारी दुसरी सावली नव्हती. ठमीने ते नीट बघून घेतलं. मागे वळून बघायची मात्र तिची छाती झाली नाही.

आईने त्या सावलीकडे पाहिलं. मग लेकीच्या खांद्यावरून, पलीकडे, वर. आईच्या चेहऱ्यावरचा राग एकेक घडी उलगडावी तसा उतरला आणि तिथे असं काही आलं, जे ठमीने लहानपणी, जेवायला सगळी पानं मांडून झाल्यावर पाहिलं होतं, त्यानंतर कधी नाही.

“वेडाबाई,” आई म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज जिना चढून आला नाही, ठमीलाच तो ऐकायला एक पायरी खाली यावं लागलं, “विमान बंद झाल्यापासून तू या घराकडे फिरकली नाहीस, म्हणून गल्ल्यागल्ल्यांतून शोधत होते ते तुला, आता मागे वळ, नीट समोर उभी राहा, आणि त्यांना एकदा टकटक करू दे.”